ळ कमी पडायचा

उदगीरला चौबाऱ्यामागं,
जिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात,
तिथं आमची ट्रेडल होती.
मी खिळे जुळवायचो. सत्तावीस वर्षं.

लग्नसराईत ळ कमी पडायचा.
स्थळ, वेळ, सोहळा, सकाळी, कुळातील, बाळासाहेब,
एका पत्रिकेला किती ळ लागतात
हे छापखान्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.
मालक म्हणायचे, "विरभद्रप्पा, मंगळवारचा काढ,
स्थळाला लाव."
एकदा मी मंगळवारचा भौमवार केला
आणि नवरदेवाचा मामा
देवणीहून भांडायला आला.

आता हा टॅब.
कोरोनात शाळा घरात आली तेव्हा नातीसाठी घेतलेला.
डाव्या कोपऱ्यात काच तडकलीय,
पाठीवर अर्धं सोललेलं मांजराचं स्टिकर.
गिरिजाला फोन मिळाला,
हा माझ्या वाटणीला आला.

पहिल्या दुपारी मी नुसता ळ दाबत बसलो.
ळळळळळळळळळळळ
ओळच्या ओळ. पान भरलं, दुसरं घेतलं.
केसमध्ये हात घातला की कप्प्याचा तळ लागायचा,
तसा लागतच नव्हता.
सून दारातून म्हणाली,
"मामा, बिघडला का हो?"
"नाही," म्हटलं, "पुरलालाय."

संध्याकाळी कमरुद्दीन येतो.
त्याचे अब्बा लिथोच्या दगडावर
चुकलेली उर्दू अक्षरं दुरुस्त करायचे, उलटी.
कमरुद्दीन स्वतः पाट्या रंगवायचा, दोन्ही लिप्यांत:
पंक्चर, पिठाची गिरणी, शिफा दवाखाना.
एकच टॅब मांडीवर आडवा.
मी डावीकडून निघतो, तो उजवीकडून,
मधे कुठंतरी कोपराला कोपर लागतं.
"सरक बे."
"तू सरक, हौले."

त्याचा हात आता कापतो.
चहा कपातून बशीत येतो, बशीतून पायजम्यावर.
पण त्या दिवशी काचेवर
त्याची रेघ सरळ आली.
ब्रशला नवा केस बसवल्यासारखी.
त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा सरळ.
आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.
गिरिजा वाकून म्हणाली,
"ते ॲप करतंय, आजोबा.
थरथर आपोआप पुसतंय. सेटिंग असतं."

कमरुद्दीन गप्प झाला.
बाहेर गंजगोळ्यात भाजी आणायला गेलेल्या रिक्षाचा
मालक कुणाला तरी शिव्या देत होता,
तेवढं ऐकू येत होतं.
मग म्हणाला, "बंद कर. नक्को.
झूट बोलरा ये."

तिनं बंद केलं.
त्यानं नून काढला.
वाटी एकीकडं कललेली, नुक्ता भलतीकडं उडालेला,
मुखेडच्या गाडीत उभं राहून काढावा तसा.
चष्मा वर करून त्यानं तो बघितला.
"हां," म्हणाला. "ये मेरा."

मला सापडलेलं बटण वेगळं आहे.
ते दाबलं की पान आरशात गेल्यासारखं फिरतं.
बाकीच्यांना अक्षर दिसेनासं होतं,
माझ्या डोळ्यांना तेव्हा बसायला जागा मिळते.
जुळवलेली ओळ अशीच तर वाचायचो,
अंगठ्यानं खिळे धरून.
अजून बोट आधी जिभेला लावतो, मग काचेला.
ही कागद मोजायची खोड.
सुनेनं त्यासाठी एक फडकं ठेवलंय.

काल यादी लिहिली:
गूळ, तूरडाळ, काळे तीळ, बीपीच्या गोळ्या.
चार ओळी, ळ पाच.
फिरवून वाचली, बरोबर होती,
फिरवलेलीच गेली मुलाला.
त्याचा दुकानातून फोन,
"अण्णा, किराणा उलटा आलाय."
"मग छापून बघ," म्हटलं. "सुलटा होतोय."

तो हसला नाही.
त्यानं छापखाना पाहिलेला नाही,
तो तीन वर्षांचा असताना मशीन भंगारात गेलं.
गूळ आणला. डाळ आणली. तीळसुद्धा.
गोळ्या विसरला.